भाजीच्या यादीलाही कुलूप हवं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. घरातल्या एका वादातून हा धागा काढतेय.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या रक्ततपासणीचा अहवाल एका लॅबने व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याच पीडीएफमध्ये आणखी तिघांचे अहवाल होते. नाव, वय, फोन नंबर, साखर, थायरॉइड, सगळं. म्हणजे आमचाही अहवाल कुणातरी तिघांकडे गेला असणार. त्या दिवशी पोटात खड्डा पडला. मग घरातलं सगळं बोलणं मी सिग्नल या मेसेजिंग ॲपवर नेलं, व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता येणार नाही असं कुलूप, लावलं, सगळ्यांच्या फोनना नीट पिन घातले.

गणपतीत धाकटे दीर आले होते. म्हणाले, "वहिनी, कोथिंबीर आणा म्हणायला कुलूप कशाला? असं काय लपवताय तुम्ही?" सगळे हसले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

दुसरा प्रश्न. ऑफिसमधला एक मुलगा म्हणाला की नुसतं एन्क्रिप्शन पुरत नाही, 'डिकॉय ट्रॅफिक' लागतं. म्हणजे खऱ्या निरोपांच्या जोडीने पोकळ निरोप सोडत राहायचे, म्हणजे पाहणाऱ्याला खरा कुठला ते कळत नाही. साध्या घराला याचा उपयोग आहे का, की नुसता डेटा जाळायचा? अनुभव सांगा.

चिंचेचं_बोटुक
वाचतेय. माझ्याकडेही हाच वाद, फक्त दिरांच्या जागी बाबा.

टिळकरोड
एक गोष्ट आधी सांगतो. लॅबने अहवाल पाठवला तोही व्हॉट्सॲपवरच, आणि व्हॉट्सॲप एप्रिल २०१६ पासून दोन टोकांमध्ये एन्क्रिप्टेड आहे. तरी अहवाल फुटला. कारण कुलूप रस्त्याला असतं, पाठवणाऱ्याच्या हाताला नसतं. तुम्ही सिग्नलवर गेलात म्हणून लॅबमधला माणूस सावध होणार नाही.

रानजाई
@टिळकरोड, मान्य. त्या लॅबला मी लेखी कळवलंय. पण त्या निमित्ताने बाकीच्या फटी दिसल्या, त्या मी बुजवल्या. त्यात चूक काय?

टिळकरोड
चूक काहीच नाही. फक्त कुठल्या फटीला कुठलं बूच ते माहीत असावं.

पेठकर
दिरांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या वाड्यात आहे.

नारायण पेठेत अकरा बिऱ्हाडं होती. पोस्टमन चौकात येऊन पोस्टकार्डं वाटायचा आणि ज्याचं कार्ड त्याच्या हातात पडेपर्यंत निदान तिघांनी ते वाचलेलं असायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. "तुमच्या भाच्याला मुलगा झाला हो" हे मालकांच्या आधी शेजारीण सांगायची. पण एखाद्या दिवशी कुणाला बंद पाकीट आलं की चौकभर कुजबुज. पाकीट आलंय म्हणजे स्थळाचं असेल, कोर्टाचं असेल, पैशांचं असेल. आत काय आहे हे कुणालाच माहीत नसायचं, पण पाकीट हीच बातमी असायची.

आमच्या शेजारच्या जोशीकाकू मात्र सगळं पाकिटातच पाठवायच्या आणि माहेरच्यांनाही तसंच पाठवायला सांगायच्या. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात, वाढदिवसाचा आशीर्वाद पाकिटात. पैसे जास्त लागायचे, यजमान कुरकुरायचे. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट झाला. वर्षभर त्याची पत्रं येत-जात होती आणि वाड्यात कुणालाही पत्ता लागला नाही. त्यांच्याकडे पाकीट येणं ही बातमीच उरली नव्हती.

हिंजवडीकर
@पेठकर, तुम्ही जे लिहिलंत तेच फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने जगाला सांगितलं होतं. त्याने १९९१ मध्ये पीजीपी नावाचा ईमेल कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम फुकट वाटला. त्याचा युक्तिवाद हाच होता: सगळे जण पोस्टकार्डावर लिहीत असतील तर पाकीट वापरणारा एकटा पडतो आणि संशयात सापडतो. सगळेच पाकीट वापरत असतील तर पाकीट वापरणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. त्या प्रोग्रॅमपायी त्याच्यामागे तीन वर्षं चौकशी लागली होती, कारण तेव्हा अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन परदेशी पाठवणं हे शस्त्रं निर्यात करण्यासारखं धरलं जायचं. १९९६ मध्ये खटला न भरताच चौकशी बंद झाली.

तेव्हा रानजाई, दिरांना सांगा की कोथिंबिरीला कुलूप कोथिंबिरीसाठी नाही.

रानजाई
जोशीकाकू! हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आजोबांचा_नातू
मला हे पटत नाही. राग मानू नका.

आमच्या आजोबांना गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. "तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." दोन दिवस आजोबा खोलीत बसून होते. साडेसहा लाख गेले. ते अजून पासबुक हातात घेत नाहीत. ज्या कुलपाचं तुम्ही कौतुक करताय त्याच कुलपामागे तो माणूस लपला होता. तो कॉल कुणाला ऐकता आला असता तर?

हिंजवडीकर
वाचून वाईट वाटलं. आजोबांना जपा.

पण जरा विचार करून पाहा. देशातल्या कोट्यवधी कॉलमधला तो एक कॉल त्या क्षणी ऐकायला कोण बसलं असतं? असे चोर सापडतात ते पैशाच्या मागावरून. कुठल्या खात्यात गेले, तिथून पुढे किती खात्यांत फुटले, कुठल्या एटीएममधून निघाले. यातलं काहीही एन्क्रिप्शनने बँकेपासून लपत नाही. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करणं सगळ्यात मोलाचं, पुढच्या खात्यात जाण्याआधी पैसे गोठवता येतात. आणि आजोबांची बँकेची, आधारची माहिती ज्या रस्त्याने जाते तो रस्ता उघडा राहिला तर असे चोर वाढतील, कमी होणार नाहीत.

आजोबांचा_नातू
आम्हाला १९३० तिसऱ्या दिवशी कळला. तुमचा मुद्दा समजला, पण माझा पूर्ण आक्षेप गेलेला नाही. गुन्हेगारासाठीही तेच कुलूप आहे, हे खरंच आहे.

वकील_शिवाजीनगर
नातू यांचा आक्षेप न्यायालयांनीही गंभीरपणे घेतलेला आहे, म्हणून थोडक्यात कायदा.

फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सांगितलं. टॅपिंगवर बंदी घातली नाही, पण कुणाच्या हुकमाने, किती दिवस, कशाची नोंद ठेवून, याची बंधनं घातली. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दुसऱ्या बाजूला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. योग्य आदेश असेल तर कूट उलगडायला मदत करावी लागते, नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. निरोप मुळात कुणी पाठवला ते सांगा, असं मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना बांधून घालणारा नियम २०२१ मध्ये आला. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

घरगुती निरोपांना एन्क्रिप्शन लावणं यात बेकायदा काही नाही. दिरांना हेही सांगा.

सिग्नल्सवाला
मी सैन्यात सिग्नल्समध्ये २२ वर्षं होतो, आता खडकीला असतो. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो अजून कुणी हाताळला नाही.

शत्रूला आपला संदेश उलगडता आला नाही तरी तो बरंच काही मोजू शकतो. कुठला सेट कुठल्या सेटशी बोलतोय, किती वेळा, किती लांब, पहाटे किती, रात्री किती. रोज वीस संदेश जाणाऱ्या ठिकाणाहून अचानक दोनशे गेले, तर एक अक्षर न वाचता त्याला कळतं की हालचाल आहे. आणि अचानक शून्य झाले तरी तेच कळतं. याला ट्रॅफिक ॲनालिसिस म्हणतात. त्यावर उपाय एकच, शांततेच्या दिवसांतसुद्धा वाहतूक भरलेली ठेवायची. काम असो नसो, ठरलेल्या वेळी ठरलेल्या लांबीचे संदेश जात राहतात. त्यातले पुष्कळसे पोकळ.

हीच गोष्ट उलटीही वापरतात. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरण्याआधी दोस्त राष्ट्रांनी इंग्लंडच्या आग्नेय भागात एक अख्खा सैन्यसमूह कागदावर उभा केला होता. अमेरिकन जनरल पॅटन त्याचा सेनापती. नसलेल्या तुकड्यांमधले वायरलेस संदेश दिवसरात्र चालू. जर्मन ऐकत राहिले आणि हल्ला नॉर्मंडीऐवजी फ्रान्समधल्याच कॅलेच्या बाजूला होणार या समजुतीत राहिले.

रानजाईताई, हूल देण्याचा नियम असा: ती आधीपासून आणि रोज दिली पाहिजे. गरज पडल्यावर सुरू केलेली हूल शत्रूला बोलावून आणते.

इतिहासवेडी
काका, हे वाचताना मला आग्राच आठवलं!

महाराजांनी आजारपणाचं निमित्त केलं आणि ब्राह्मण, फकीर, सरदार यांच्याकडे मिठाईचे पेटारे पाठवायला सुरुवात केली. पहारेकरी आधी उघडून बघायचे. रोज पेटारे, रोज मिठाई. मग बघणं सैल झालं. १७ ऑगस्ट १६६६ ला जे बाहेर पडले तेही त्यांना नेहमीसारखेच पेटारे वाटले. हे डिकॉय ट्रॅफिकच झालं की! आणि आत पलंगावर हिरोजी फर्जंद, अंगावर शाल ओढून, हातातलं कडं दिसेल असा झोपलेला. माणूस जागेवर आहे असं दाखवणारा तो दुसरा डिकॉय.

खडकवासला_धरण
महाराज पेटाऱ्यात होते हेच मुळात वादग्रस्त आहे. वेश पालटून गेले असंही मत आहे.

इतिहासवेडी
ते मान्य. पण पेटाऱ्यांची सवय लावणं दोन्ही मतांत आहेच. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

चिंचेचं_बोटुक
आम्ही शाळेत चची भाषा बोलायचो. चलाम चमजलंस!

टिळकरोड
@चिंचेचं_बोटुक, 'मला समजलं'. अर्ध्या सेकंदात उलगडलं. रीत लपवून सुरक्षा मिळत नाही, ती रीत पुण्यातल्या प्रत्येक शाळेत माहीत आहे. केर्कहॉफ्स या कूटलेखनाच्या अभ्यासकाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय: पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चाललं पाहिजे, लपवायची फक्त किल्ली. सिग्नलची पद्धत तशी जगजाहीर आहे, कुणीही वाचू शकतं.

चिंचेचं_बोटुक
पण आमच्या बाईंना नाही यायची! तेवढं पुरे होतं. :)

हिंजवडीकर
सिग्नल्सवाला काकांचं गणित इंटरनेटला लावून पाहू.

समजा तुमचा फोन दर सेकंदाला ५१२ बाइटचं एकच ठरीव पाकीट पाठवतो. बोलायचं असेल तर त्यात निरोप, नसेल तर कचरा. बाहेरून दोन्ही सारखेच. दिवसाला ८६,४०० पाकिटं, म्हणजे सुमारे ४४ एमबी. मजकुरासाठी हे सहज परवडतं. पण व्हिडिओ कॉलही असाच झाकायचा म्हटलं तर सेकंदाला एक मेगाबिटची धार दिवसभर सोडावी लागेल, म्हणजे रोज १०.८ जीबी. बॅटरीचं काय होईल ते वेगळंच. म्हणूनच टॉर हे ओळख लपवून इंटरनेट वापरायचं जाळं तीन टप्प्यांतून वाहतूक फिरवतं आणि ठरीव मापाचे तुकडे करतं, पण सतत पोकळ वाहतुकीची भर घालत नाही. मलवाड या व्हीपीएनने (तुमची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून कुलूपबंद नेणारी सेवा) २०२४ मध्ये मात्र सगळी पाकिटं एका मापाची करून मधेमधे पोकळ पाकिटं घालायची सोय दिली.

मापाला इतकं महत्त्व का? २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की काही इंटरनेट कॉल एन्क्रिप्टेड असूनही त्यातली ठरावीक वाक्यं नुसत्या पाकिटांच्या लांबीवरून ओळखता येतात. कारण आवाज दाबून लहान करताना 'स' ला लागणारी जागा आणि 'आ' ला लागणारी जागा वेगळी. कुलूप शाबूत, तरी पेटीच्या आकारावरून आतली वस्तू कळली.

मुळामुठा
हूल देण्याचा एक प्रयोग मी स्वतः केलाय. २००६ मध्ये ट्रॅकमीनॉट नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन आलं होतं, ते तुमच्या नावाने गूगलवर वाटेल ते शोधत राहायचं. मी त्याच धर्तीवर छोटा प्रोग्रॅम लिहून महिनाभर चालवला आणि शेवटी सगळी यादी छापून टेबलावर पसरली. माझे खरे शोध पेन्सिलने पाच मिनिटांत वेगळे करता आले. खरे शोध एकमेकांना धरून असतात. 'गुडघा दुखतो', मग 'गुडघा शस्त्रक्रिया खर्च', मग 'वॉकर किंमत', तेही रात्री अकरानंतर, आईला झोपवल्यावर. पोकळ शोध उड्या मारतात, त्यांच्यामागे कुणाची काळजी नसते. ट्रॅकमीनॉटवरही संशोधकांनी पुढे हेच सिद्ध केलं, यंत्राला शिकवून. मी तो प्रयोग बंद केला.

चाफा
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मी पुण्यात स्त्रियांसाठीच्या एका समुपदेशन केंद्रात चौदा वर्षं काम केलं. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. एक बाई आमच्याकडे फोन करायची. फोनमधली नोंद प्रत्येक वेळी पुसायची. पण कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, महिन्याचं तपशीलवार बिल त्याच्याकडे. एक अनोळखी लँडलाइन, दुपारी अडीच वाजता, ४१ मिनिटं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ३८ मिनिटं. त्याने त्या नंबरवर फोन लावला, आमच्या कार्यकर्तीने सवयीने संस्थेचं नाव घेऊन नमस्कार केला. ती काय बोलली हे त्याने एक शब्दही ऐकलं नव्हतं. त्याला ऐकायची गरजच पडली नाही. पुढे जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यानंतर आमच्याकडे फोन उचलताना फक्त 'हॅलो' म्हणायचं ठरलं.

दुसऱ्या एका मुलीच्या वेळी मात्र तिच्या मैत्रिणीने आधीच डोकं चालवलं होतं. ती रोज दुपारी तिला फोन करायची. साबुदाणा किती भिजवायचा, तुळशीबागेत काय आलंय, मुलाचा अभ्यास. वीस-पंचवीस मिनिटं, रोज, चार महिने. घरच्यांनी पहिले पंधरा दिवस कान दिला, मग सोडून दिलं. ज्या दुपारी घर सोडायचं ठरलं, तो फोनही बावीस मिनिटांचा होता. फोनच्या नोंदीत तो आजही बाकीच्यांसारखाच दिसेल.

मुळामुठा म्हणतात तसं पोकळ शोधांमागे कुणाची काळजी नसते. या पोकळ गप्पांमागे होती. म्हणून त्या खऱ्या वाटल्या, कारण त्या खऱ्याच होत्या.

तेव्हा 'लपवण्यासारखं काय आहे' असं कुणी हसून म्हटलं की मला राग येतो. ज्यांच्याकडे खरंच आहे त्यांना ते सांगताही येत नाही. एकटी तीच सिग्नल वापरत असेल तर फोनवरचं ते निळं चिन्हच तिच्याविरुद्धचा पुरावा होतं. तिची सासू, जाऊ, शाळेचा पालकगट, भिशीचा गट, सगळे तेच वापरत असतील तर कुणी विचारणार नाही.

पेठकर
चाफाताई, नमस्कार करतो तुम्हाला.

आजोबांचा_नातू
@चाफा, माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण आज घरी सिग्नल टाकतोय. आजोबांच्याही फोनवर.

हिंजवडीकर
चाफाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला उलट बाजूचं एक उदाहरण. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला बॉम्बची खोटी धमकी ईमेलने पाठवली, टॉर वापरून. टॉर फुटला नाही. पण विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच होते, विचारपूस केल्यावर त्याने कबूल केलं. त्याला पकडलं ते योग्यच झालं. पण नियम सगळ्यांना सारखाच लागू होतो: आडोसा म्हणजे गर्दी. टॉरमागचं ओनियन राउटिंग अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सुरू झालं, आणि फक्त नौदलाने वापरलं असतं तर त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचा हे उघडच होतं. म्हणून ते लोकांसाठी खुलं करावं लागलं.

टिळकरोड
सगळं खरं, पण घरातल्या फोनला सगळ्यात मोठा धोका घरातूनच असतो. आज रात्री सगळ्यांनी व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप तिथे जोडलेला असेल तर तो तुमचे निरोप तुमच्यासारखेच वाचतोय, एन्क्रिप्शन असूनही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या फोनला सायबर कॅफेतलं मशीन अजून जोडलेलं निघालं, बोर्डिंग पास छापला तेव्हाचं. आणि लॉक स्क्रीनवर निरोपाचा मजकूर दिसणं बंद करा.

मुळामुठा
आत्ता बघितलं. माझ्या फोनला जुन्या ऑफिसचा संगणक होता. काढला. धन्यवाद.

सिग्नल्सवाला
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: यंत्राने पोकळ निरोप सोडायची घराला गरज नाही. घरात रोजची बडबड भरपूर असते. ती सगळी कुलपातून जाऊ द्या, तीच तुमची हूल.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. चाफाताईंचा प्रतिसाद मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवला. दिरांनाही फोनवर. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "लिंक पाठव, टाकतो." भिशीच्या गटालाही सांगितलंय, अकरापैकी सहा जणी आल्या.

एक अडचण राहिली. व्हॉट्सॲपच्या बॅकअपसाठी मी ६४ अंकी किल्ली निवडली होती. ती हरवली तर बॅकअप कायमचा गेला म्हणतात. ठेवू कुठे? फोनमध्ये ठेवणं तर वेडेपणा.

टिळकरोड
कागदावर दोनदा लिहा. एक प्रत दागिन्यांसोबत बँकेच्या लॉकरमध्ये, एक माहेरी. आणि लिहिल्यावर कुणाकडून तरी वाचून ताडून घ्या, एक अंक चुकला तरी उपयोग नाही.

रानजाई
सासूबाईंनी ताडून दिली, चष्मा लावून, चार-चार अंक मोठ्याने म्हणत. आणि आज दुपारी त्यांचा सिग्नलवरचा पहिला निरोप आला: 'येताना कोथिंबीर आण. दहाची. निवडून घे.'